गळा, ठेका आणि प्रोसेसर

आमच्या पट्ट्यात गाण्यांचे हंगाम असतात. फेब्रुवारी लागला की १४ एप्रिलच्या भीमगीतांची लगबग सुरू होते. चैत्रात एकवीरा आईच्या पालखीची गाणी, चेटीचंडला झुलेलालची, लग्नसराईत हळदीची, पावसाळ्यात गणपती-गौरीची आणि ६ डिसेंबरच्या आधी पुन्हा बाबासाहेबांची. पूर्वी ही गाणी करायला मुंबईच्या स्टुडिओत तासांवर पैसे मोजावे लागत. आता उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, पुढे थेट वांगणीपर्यंत कितीतरी घरांत एखादी खोली भिंतींना गोधड्या लावून रेकॉर्डिंगची झाली आहे. मी बदलापूर पूर्वेला, कुळगावात राहते. आधी ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचे, आता घरातल्या एका खोलीत हीच गाणी रेकॉर्ड करते.

माझ्याकडे गायला येणारी माणसं पोट भरायला दुसरंच काही करतात. उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पात जीन्स शिवणारे कारागीर येतात, अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीतली पाळी संपवून थेट इथे उतरणारे येतात, मलंगगडाच्या पायथ्याच्या गावांतल्या आगरी बायका येतात. कुणी खाडा करून आलेलं असतं, कुणी नातवाला शेजारणीकडे ठेवून. त्यांची ती संध्याकाळ यंत्रापायी फुकट जाऊ नये, एवढीच माझ्या कामाची पहिली अट आहे. म्हणून नवीन मुलं जेव्हा विचारतात, ‘ताई, घरी सेटअप करतोय, कुठला प्रोसेसर घेऊ?’, तेव्हा मी आधी त्यांना विचारते, ‘तुझ्याकडे गाणार कोण आहे? वाजवणार कोण?’ प्रश्न टाळायचा म्हणून मी हे विचारत नाही. प्रोसेसरची निवड खरोखर तिथूनच सुरू होते. हे मला एका ऑक्टापॅडवाल्याने शिकवलं.

आमच्याकडे ऑक्टापॅडशिवाय पान हलत नाही. बँजो पार्टी असो, ऑर्केस्ट्रा असो की हळदीचा कार्यक्रम, पॅडवाला हवाच. त्या काळात मी एका जुन्या लॅपटॉपवर काम करत होते. पॅडची वायर संगणकाला जोडायची, पॅडवर काठी पडली की संगणकातला ताशा किंवा हलगी वाजायची, अशी रचना. तो ऑक्टापॅडवाला भाऊ अनुभवी माणूस. दोन ओळी वाजवून थांबला आणि म्हणाला, ‘ताई, हात पुढे जातोय, आवाज मागून येतोय.’ मी सेटिंगमध्ये बफर कमी केला. आवाज हाताबरोबर आला, पण कढईत मोहरी तडतडावी तसे आवाजात फुटके तडे ऐकू यायला लागले. बफर वाढवला की तडे जात आणि उशीर परत येई. यांतलं एक पत्करायचं आणि त्याला वाजवायला सांगायचं, असा तो पेच होता. नवा संगणक घ्यायला हवा हे त्या दिवशी पक्कं झालं. पण घ्यायचा कशाच्या आधारावर, याचाही धागा त्याच पेचात होता.

बफर म्हणजे काय ते आधी सांगते. संगणक आवाजाचे तुकडे करून काम करतो. सेकंदाला ४८,००० नमुने घेतले आणि बफर १२८ नमुन्यांचा ठेवला, तर एक तुकडा २.६७ मिलिसेकंदांचा होतो. म्हणजे दर सेकंदाला ३७५ वेळा प्रोसेसरसमोर नवा तुकडा येतो आणि पुढचा यायच्या आत याचं सगळं काम आटोपून तो बाहेर द्यावा लागतो. एखादाच तुकडा चुकला तरी आवाजात खळ पडते आणि तीच ‘टक्’ म्हणून ऐकू येते. बफर १,०२४ केला तर प्रोसेसरला एकेका तुकड्यासाठी एकवीस मिलिसेकंदांहून जास्त वेळ मिळतो. तो निवांत होतो, पण वाजवणाऱ्याला आपलाच आवाज तितका मागून ऐकू येतो.

मिलिसेकंदाचं एवढं काय, असं वाटेल. हवेतून आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात साधारण एक फूट. भजनाला बसलेल्या मंडळींत पेटीवाल्यापासून पखवाजवाला तीन मीटर लांब असेल, तर त्याचा ठेका पेटीवाल्याला जवळजवळ नऊ मिलिसेकंद उशिराच ऐकू येतो आणि त्यात कुणाचं काही बिघडत नाही. आपले कान त्या अंतराला सरावलेले आहेत. आठ-दहा मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर बहुतेक वाजवणारे सांभाळून घेतात. वीसच्या पुढे गेलं की ठेका हातातून सुटायला लागतो, कारण आता पखवाजवाला जणू खोलीच्या बाहेर जाऊन बसलेला असतो. शिवाय बफर हा उशिराचा एकच हिस्सा. आवाज आत येताना एक बफर, बाहेर जाताना दुसरा, इंटरफेसमध्ये, म्हणजे माइक आणि हेडफोन संगणकाला जोडणाऱ्या डब्यात, आवाजाचे आकडे करण्यात आणि आकड्यांचा आवाज करण्यात थोडा वेळ जातो. सगळं धरून १२८ च्या बफरला साध्या यूएसबी इंटरफेसवर जाऊन-येऊन आठ-दहा मिलिसेकंद होतात. म्हणजे मला असा प्रोसेसर हवा होता, जो १२८ वर माझं सगळं ओझं घेऊन न अडखळता चालेल.

गाणाऱ्यांची गोष्ट आणखी नाजूक असते. आपला आवाज आपल्याला दोन वाटांनी ऐकू येतो. एक हाडांतून, ताबडतोब. दुसरा हेडफोनमधून, संगणकाचा फेरा करून. हे दोन्ही आवाज थोड्याशा फरकाने एकमेकांवर पडले की गायकाला स्वतःचा आवाज पोकळ, पिंपातून आल्यासारखा लागतो. तो सांगताना ‘आज गळा लागत नाहीये’ एवढंच सांगतो. यावर सोपा उपाय आहे: इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरिंग. त्यात आवाज संगणकात न जाता थेट हेडफोनला मिळतो आणि उशीर जाणवण्याइतका उरत नाही. पण आमच्या गायकांना कानात इको लागतो. ही माणसं जयंतीच्या स्टेजवर, हळदीच्या मांडवात, मोठ्या भोंग्यांसमोर गाऊन तयार झालेली असतात. कोरडा आवाज कानात आला की ती बिचकतात आणि सूर वर न्यायला घाबरतात. इको द्यायचा म्हणजे आवाज संगणकातून फिरवून आणायचा, आणि तो फिरवायचा म्हणजे पुन्हा तेच बफरचं गणित. इको स्वतःच्या पोटात तयार करणारे महागडे इंटरफेस मिळतात, ते माझ्या आवाक्यातले नव्हते. तेव्हा माझा प्रोसेसर ठरवण्यात या कानातल्या इकोचा वाटा मोठा होता.

एक गोष्ट मला बरेच दिवस कळत नव्हती. लॅपटॉपवर आवाज तडकत असताना मी टास्क मॅनेजर उघडून बघायची, तर प्रोसेसरचा वापर तीस-पस्तीस टक्के. पासष्ट टक्के मोकळा पडलेला प्रोसेसर दमतो कसा? उत्तर मिळालं रीपर या सॉफ्टवेअरमध्ये. विनॅम्प बनवणारे जस्टिन फ्रँकेल यांच्या कॉकोस कंपनीचं हे सॉफ्टवेअर. घरगुती वापराचा परवाना ६० डॉलरला मिळतो आणि त्याआधी ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं, म्हणून आमच्याकडच्या बऱ्याच खोल्यांत तेच चालतं. त्याच्या परफॉर्मन्स मीटरमध्ये एकूण वापराच्या जोडीला ‘आरटी सीपीयू’ असा वेगळा आकडा असतो. दिलेल्या वेळेच्या आत जे उरकायलाच हवं, त्या कामाचा भार तो दाखवतो. एकूण वापर तीस टक्के असताना हा आकडा शंभराला टेकलेला मी पाहिला आणि कोडं सुटलं.

एका ट्रॅकवर प्लगइन, म्हणजे आवाजावर काम करणारी छोटी सॉफ्टवेअरं, एकापाठोपाठ एक लागलेली असतात. आधी ईक्यू, मग कॉम्प्रेसर, मग सूर दुरुस्त करणारं प्लगइन, मग इको. पहिल्याचं काम झाल्याशिवाय दुसऱ्याला सुरुवात करता येत नाही. त्यामुळे ती सगळी साखळी एकाच कोरला, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या एकाच काम करणाऱ्या भागाला, ओढावी लागते, बाकीचे कोर रिकामे असले तरी. आधी रेकॉर्ड झालेले ट्रॅक वेगळे. ढोलकी, बँजो, कोरस हे सगळं ठरलेलं असल्यामुळे रीपर त्यांचं काम थोडं आगाऊ करून ठेवतो आणि ते अनेक कोरांत वाटून टाकतो. पण समोर गात असलेल्या माणसाचा पुढचा स्वर आगाऊ कसा करणार? तो आत्ताच यायचा आहे. म्हणजे जिवंत गळा एका कोरवर उभा असतो, तयार ट्रॅक सगळ्यांत वाटले जातात आणि शेवटी सगळा आवाज ज्या मास्टरमधून जातो, तिथलीही साखळी एकाच कोरवर येते.

हे समजल्यावर शोधाची दिशा ठरली. आधी एकेका कोरचा वेग, मग कोरांची संख्या. चार बायका चार माइकवर कोरस गाणार असतील, तर चार जिवंत ट्रॅक चार कोरांत जातात. मास्टर आणि विंडोजची स्वतःची कामं धरली तर सहा चांगले कोर माझ्या कामाला पुरेसे. बारा किंवा सोळा कोरांचा प्रोसेसर सिनेमाच्या पार्श्वसंगीताला, शेकडो ट्रॅकच्या वाद्यमेळाला लागतो. माझ्या गाण्यांत तीस-चाळीस ट्रॅक असतात.

नावांच्या जंगलात हरवायला होतं, म्हणून इथे थोडं थांबते. डब्यावरचं आय-५, आय-७ वाचून काहीच ठरवू नये. इंटेलचंच जुनं उदाहरण घ्या. आय-७ ७५००यू हा लॅपटॉपचा प्रोसेसर दोन कोरांचा आणि १५ वॉटचा होता. त्याच पिढीतला डेस्कटॉपचा आय-५ ७५०० चार कोरांचा आणि ६५ वॉटचा. नाव मोठं पहिल्याचं, ताकद जास्त दुसऱ्याची. शेवटचं अक्षर म्हणून बघायलाच हवं. लॅपटॉपमध्ये ‘यू’ म्हणजे कमी विजेवर चालणारा, ‘एच’ म्हणजे जास्त ताकदीचा. इंटेलच्या डेस्कटॉपमध्ये ‘एफ’ म्हणजे आत ग्राफिक्स नसलेला. यू जातीचे प्रोसेसर पहिली काही सेकंदं जोरात पळतात आणि मग तापल्यामुळे किंवा विजेच्या मर्यादेमुळे वेग उतरवतात. इंटरनेटचं पान उघडायला तेवढा जोर पुरतो. गाणं मात्र पाच मिनिटांचं असतं आणि तडे यायला लागतात ते नेमके शेवटच्या अंतऱ्याला, गायक रंगात आल्यावर.

मी खरेदीला निघाले ते २०२२ साल होतं. समोर मुख्यतः तीन नावं होती. एएमडीचा रायझन ५ ५६००एक्स: सहा कोर, एकेक कोर वेगवान, पण आत ग्राफिक्स नाही. वेगळं ग्राफिक्स कार्ड घ्यायचं म्हणजे आणखी खर्च, आणखी उष्णता, एक जास्तीचा पंखा. त्याचा भाऊ रायझन ५ ५६००जी: ग्राफिक्स आत, पण एल-३ कॅशे ३२ ऐवजी १६ एमबी. आणि इंटेलचा नुकताच आलेला आय-५ १२४००: सहा कोर, १८ एमबी कॅशे, ६५ वॉट, ४.४ गिगाहर्ट्झपर्यंत वेग, ग्राफिक्स आत. इंटेलच्या त्या बाराव्या पिढीत मोठे आणि छोटे असे दोन जातींचे कोर एकत्र आले होते. विंडोज १० ला ते नीट ओळखता येत नसत. जिवंत आवाजाचं काम छोट्या कोरवर जाऊन पडण्याची भीती होती. १२४०० मध्ये छोटे कोरच नाहीत, सहाही एकसारखे. मला ते पटलं. वरच्या आय-७ १२७०० मध्ये आठ मोठे आणि चार छोटे कोर होते, पण पूर्ण जोरात तो १८० वॉटपर्यंत वीज ओढू शकतो. १२४०० ची तीच मर्यादा ११७ आहे. या वॉटचं मला इतकं का पडलं होतं, ते पुढे येईलच.

आमच्याकडे संगणक घ्यायचा म्हटलं की लोक दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरतात आणि लॅमिंग्टन रोड गाठतात. तिथे वस्तू जास्त आणि भावही बरे. पण मला वस्तूपेक्षा चाचणी हवी होती, आणि ती करू देणारा माणूस उल्हासनगरला तीन नंबर कॅम्पात भेटला. फाळणीनंतर कल्याण कॅम्पच्या लष्करी बराकींत येऊन पडलेल्या सिंधी कुटुंबांनी हे शहर धंद्यावर उभं केलं. १९४९ मध्ये त्याला उल्हासनगर नाव मिळालं. गिऱ्हाइकाला वेळ देणं तिथल्या जुन्या दुकानदारांच्या अंगातच आहे. मी पेन ड्राइव्हवर रीपर नेलं होतं. ते पोर्टेबल पद्धतीने पेन ड्राइव्हवरून चालतं, संगणकात काही भरावं लागत नाही. त्यातच माझं सगळ्यात जड गाणं होतं: एक भीमगीत, भरपूर कोरस, दोन ढोलक्या, बँजो, संगणकातली व्हायोलिन्स. पिशवीत इंटरफेस, माइक आणि हेडफोन. त्या दुकानदार साईंना म्हटलं, ‘मला हे गाणं तुमच्या मशीनवर वाजवून बघायचंय आणि वाजत असताना गाऊनही बघायचंय.’ ते म्हणाले, ‘बैठो बेटा, आराम से देखो.’ आणि दुकानातला रेडिओ बंद केला.

तिथे १२४०० चं जोडलेलं मशीन होतं. इंटरफेसचा ड्रायव्हर टाकला, बफर १२८ वर आणला, गाणं सुरू केलं, एका ट्रॅकवर इको लावून स्वतः गायले. आरटी सीपीयूचा आकडा निम्म्याच्याही खाली. बफर ६४ वर आणला, तरी तडा नाही. मग तेच गाणं पुन्हा पुन्हा, सलग वाजत ठेवलं आणि साईंबरोबर चहा प्यायले. प्रोसेसर तापल्यावर काय करतो ते मला बघायचं होतं. जाहिरातीतले आकडे हे असलं काही सांगत नाहीत. त्यांत सरासरी वेग असतो किंवा सगळ्यात जास्त वेग असतो. रेकॉर्डिंगला मात्र प्रोसेसरची सगळ्यात वाईट वेळ कशी जाते ते महत्त्वाचं, कारण सेकंदाच्या ३७५ तुकड्यांपैकी एकच चुकला तरी घेतलेला टेक वाया जातो.

मशीन घरी आल्यावर एक वेगळी अडचण निघाली. अधूनमधून एखादा तडा येईच, तोही प्रोसेसर निवांत असताना. लेटन्सीमॉन नावाचं मोफत सॉफ्टवेअर चालवलं, तर वाय-फायचा ड्रायव्हर मधेच प्रोसेसर अडवून धरत होता. रेकॉर्डिंगच्या वेळी वाय-फाय बंद, विंडोजचा पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर, एवढं केल्यावर तडे थांबले. प्रोसेसरला दोष देण्याआधी हे तपासून घ्यावं. कितीतरी मुलं याच कारणासाठी नवा प्रोसेसर घेतात आणि तडे त्यांच्या पाठोपाठ नव्या मशीनवर येतात.

आता वॉटबद्दल. बदलापूरचा उन्हाळा मुंबईसारखा नसतो. समुद्राचा वारा इथवर पोचेपर्यंत तापतो आणि एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. नेमका तोच आमच्या कामाचा सगळ्यात दाट हंगाम. खिडक्या बंद, कारण कर्जत लाइनवरून मालगाडी गेली की टेकमध्ये येते. छताचा पंखा बंद, कारण माइकला वारा ऐकू येतो. अशा खोलीत प्रोसेसरला थंड करणारी हवाच मुळात गरम असते. खोली पंचवीस अंशांऐवजी चाळीसची झाली, तर तेवढ्याच कामाला प्रोसेसरही साधारण पंधरा अंशांनी जास्त तापतो. शंभराच्या आसपास पोचला की तो स्वतःला वाचवायला वेग कमी करतो आणि मग तडे. त्याआधी त्याचा पंखा घरघरायला लागतो आणि ती घरघर गायला आलेल्या एखाद्या आजींच्या हळू आवाजाखाली कायमची बसते.

म्हणून कमी तापणारा प्रोसेसर हा माझ्यासाठी आवाजाच्या दर्जाचाच भाग होता. १२४०० ला मी मोठा कूलर लावला, १२० मिलिमीटरचा सावकाश फिरणारा पंखा असलेला. मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये विजेची मर्यादा ६५ वॉटवर बांधून टाकली, म्हणजे तो उगाच उसळत नाही. आणि कॅबिनेट खोलीच्या बाहेर पॅसेजमध्ये ठेवला. साधी यूएसबी वायर पाच मीटरपर्यंत भरवशाने चालते, तेवढ्यात भिंत ओलांडता येते. त्या वर्षी एप्रिलमधल्या भर दुपारी पॅडवाला भाऊ पुन्हा आला. त्याने वाजवलं आणि आवाजाबद्दल एक अक्षर काढलं नाही. पहिल्याच दमात ठेक्यात दोन नव्या जागा घेतल्या. मला तेच हवं होतं. यंत्राकडे लक्ष गेलं नाही म्हणून त्याचं लक्ष गाण्यावर राहिलं.

या निवडीचा खरा कस वेगळ्याच कामात लागला. आगरी लग्नात धवलारीण असते. लग्नाचे विधी ती गाण्यांतून लावते, त्या गाण्यांना धवले म्हणतात. एक धवलारीण आजी सुनेबरोबर आल्या. धवल्यांना क्लिक ट्रॅक लावता येत नाही, कारण त्यांची चाल श्वासाबरोबर लांबते आणि आखडते. आजी एक ओळ घेतात, सून मागून उचलते, तिचा सूर आजींच्या सुराला चिकटून पण थोडा वेगळा जातो. दोघींना एकमेकींचा आवाज हेडफोनमध्ये जरासा जरी उशिरा मिळाला असता, तरी सुनेची उचल मागे पडली असती आणि आजींनी वाट बघत ओळ लांबवली असती. गाण्याचा सगळा तोल गेला असता. ६४ चा बफर ठेवून त्या गायल्या. सूर दुरुस्त करणारं प्लगइन मी त्या ट्रॅकवर लावलंच नाही. त्यांचे सूर पेटीच्या पट्ट्यांत बसवले असते तर धवला धवला राहिला नसता. पुढे उल्हासनगरच्या काही वयस्क सिंधी बायकांनी लग्नातले लाडे गायले, ढोलकवर, टाळ्या वाजवत. तिथेही तेच. सगळ्यांचा ताल एकमेकींच्या टाळीवर उभा असतो. ही गाणी गाणाऱ्या बायका कमी होत चालल्या आहेत. त्या एकदाच गायल्या आणि तो टेक तड्यांनी खराब झाला, तर तसाच पुन्हा मिळेल याची खात्री नाही.

वांगणीला दृष्टिहीन कुटुंबांची मोठी वस्ती आहे. आमच्या लोकलमध्ये गाणारे कितीतरी आवाज तिथले. त्यांतला एक तरुण माझ्याकडे गायला यायचा आणि हळूहळू त्याला रेकॉर्डिंगच शिकायचं होतं असं लक्षात आलं. पडदा वाचून दाखवणारं एनव्हीडीए हे मोफत सॉफ्टवेअर मायकल करन आणि जेम्स टेह या दोन दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन प्रोग्रामरांनी घडवलं. त्याची सुरुवात २००६ ची. टेह यांच्याच पुढाकाराने रीपरसाठी ओसारा नावाची जोड तयार झाली, तिच्यामुळे ट्रॅकचं नाव, आवाजाची पातळी, कापलेली जागा, सगळं बोलून सांगितलं जातं. तो कळफलकावर माझ्या माउसपेक्षा भराभर काम करतो.

त्याचा स्वतःचा संगणक घ्यायची वेळ आली तेव्हा गरज पुन्हा तपासावी लागली. त्याच्यासाठी प्रत्येक कळ दाबल्यावर येणारं उत्तर हाच पडदा. गाण्याच्या ओझ्याखाली प्रोसेसर गुदमरला की बोलणं मागे पडतं आणि तो अंधारात चाचपडतो. बजेट अगदी मर्यादित होतं. आम्ही कंपन्यांच्या ऑफिसातून निघालेला एक जुना डेस्कटॉप शोधला, आय-५ ८५०० चा: सहा कोर, ६५ वॉट, २०१८ च्या पिढीतला, आणि विंडोज ११ त्यावर रीतसर चालतं. सातव्या पिढीपर्यंतच्या बहुतेक प्रोसेसरवर तसं चालत नाही, आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून जुनं घेताना आठवी पिढी ही माझी खालची मर्यादा. पडदा वाचणारा आवाज संगणकाच्या स्वतःच्या हेडफोन जॅकमधून आणि गाणं इंटरफेसमधून, अशी दोन वाटांची सोय केली, म्हणजे एक दुसऱ्याच्या आड येत नाही. आज तो त्याच्या घरी शेजारपाजारच्या गायकांची गाणी करतो. माझ्या प्रोसेसरपेक्षा त्याचा जुना आणि धिमा, पण त्याच्या कामाला पुरणारा.

नवे प्रोसेसर येतच राहतील. २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतल्या अनेक डेस्कटॉप प्रोसेसरांत जादा व्होल्टेजमुळे बिघाड होत असल्याचं उघड झालं. कंपनीने मायक्रोकोड दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. त्यातला एखादा घेणार असाल तर बायोस अद्ययावत करूनच काम सुरू करा. त्याच वर्षी आलेला ॲपलचा एम-४ मॅक मिनी मूळ मॉडेललाच १६ जीबी मेमरी देतो आणि जवळजवळ आवाज न करता चालतो; उकाड्याच्या बंद खोलीसाठी ही जमेची बाजू. मात्र मेमरी नंतर वाढवता येत नाही, हे धरून चाला.

आणि घेण्याआधी चाचणी करा. तुमचं सगळ्यात जड गाणं पेन ड्राइव्हवर न्या, तुमचा इंटरफेस न्या, जमलं तर तुमचा गायक किंवा पॅडवाला बरोबर न्या. १२८ वर गाणं सलग वाजू द्या, समोरच्याला गाऊ-वाजवू द्या आणि त्याचा चेहरा बघा. तो अडखळला नाही तर तो प्रोसेसर तुमच्या कामाचा. त्याच्या वरचा घेऊ नका. वाचलेल्या पैशांत चांगला माइक घ्या, खिडकीच्या फटी बुजवा, आणि ढोलकीवाल्याचं मानधन गाणं संपल्याबरोबर त्याच्या हातात द्या.